विमानतळाची जागल कोणी करायची?

(सीताबर्डी, नागपूर येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही कार्यकर्त्यांच्या मनात शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. कापूस व सोयाबीन यांच्या भावाचा प्रश्न दारात उभा असताना विमानतळावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनची चर्चा समाजवादी कार्यकर्त्यांनी कशासाठी करायची? मोरभवनाच्या स्थानकावर एस. टी.ची वाट पाहत ताटकळणाऱ्या माणसाला सोनेगावचे विमान अर्धा तास उशिरा सुटले काय किंवा सुटलेच नाही काय, फरक तो कोणता पडणार?

फरक पडतो. कोणतेही नवे साधन समाजात आले की त्याच्या पाठोपाठ एक नवे भय येते. आणि त्या भयाचा बंदोबस्त करण्याच्या निमित्ताने सत्तेच्या हाती नवे अधिकार आणि व्यापाऱ्यांच्या हाती नवी कंत्राटे जातात. भय खरे असते, म्हणूनच ते उपयोगी पडते. ते खोटे आहे असे म्हणून भागत नाही, आणि त्याने गांगरून जाऊन सत्ताधारी मागतील ते देऊन टाकणेही परवडत नाही. मोकाट ड्रोनांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु तो कोणी, कोणत्या कायद्याने, कोणाच्या खर्चाने आणि कोणाला जबाबदार राहून करायचा, हा राजकीय प्रश्न आहे. तो केवळ तंत्रज्ञांवर सोडून देता येणार नाही, आणि विक्रेत्यांवर तर नाहीच नाही.

धोक्याचे स्वरूप आधी नीट समजून घेतले पाहिजे. उड्डाण करताना आणि उतरताना विमानाला एखादी लहानशी वस्तूही किती महाग पडते, हे नागपूरकरांना सांगावयास नको. २ सप्टेंबर २०२५ रोजी नागपूरहून कोलकात्यास निघालेले प्रवासी विमान पक्ष्याची धडक बसल्यामुळे माघारी आणून सोनेगावला उतरवावे लागले. पक्षी हाडामांसाचा असतो. ड्रोनमध्ये विजेच्या मोटारी असतात, धातूचे भाग असतात आणि लिथियमची घट्ट, जड बॅटरी असते. विमानाच्या इंजिनाची पाती पक्ष्याचा मारा एका मर्यादेपर्यंत सोसतील अशा रीतीने घडविलेली आणि तपासलेली असतात. ड्रोन गिळण्याची तशी परीक्षा इंजिनाला द्यावी लागत नाही. शिवाय पक्षी जिवाच्या भीतीने बाजूला होण्याची धडपड तरी करतो. ड्रोनला जीव नाही, भीतीही नाही. भीती वाटायची तर ती त्याच्या चालकाला, आणि तो दोन किलोमीटरवर एखाद्या गच्चीत उभा असतो.

या धोक्याने जगाला पहिला मोठा धक्का दिला तो डिसेंबर २०१८ मध्ये. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाच्या धावपट्टीजवळ ड्रोन दिसल्याची खबर १९ डिसेंबरच्या रात्री आली आणि नाताळच्या ऐन गर्दीत, २१ तारखेपर्यंत, तो विमानतळ वारंवार बंद ठेवावा लागला. सुमारे एक हजार उड्डाणे रद्द झाली किंवा दुसरीकडे वळविण्यात आली. सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवाशांचा खोळंबा झाला. पुढे काय झाले, हे अधिक महत्त्वाचे आहे. विमानतळाच्या परिसरात राहणाऱ्या एका जोडप्याला सशस्त्र पोलिसांनी घरातून उचलले. वृत्तपत्रांनी त्यांची नावे व छायाचित्रे छापून त्यांना गुन्हेगार ठरवून टाकले. छत्तीस तासांनी ती दोघे निर्दोष म्हणून सुटली. आणि २०२० मध्ये पोलिसांना भरपाई व खर्चापोटी दोन लाख पौंड देऊन त्यांच्याशी तडजोड करावी लागली. खरा गुन्हेगार सापडला नाही. २०१९ च्या सप्टेंबरात तपास बंद झाला. ड्रोनचा एक तुकडाही हाती लागला नाही.

आपल्या देशातले उदाहरणही याच जातीचे आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी मणिपूरमधील इंफाळ विमानतळावर आकाशात एक अनोळखी वस्तू दिसली. उड्डाणे सुमारे तीन तास थांबली, दोन विमाने दुसरीकडे पाठविली गेली. ती वस्तू शोधण्यासाठी वायुसेनेने राफेल लढाऊ विमाने धाडली. त्यांना काहीही आढळले नाही. २२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील विमानतळ सुमारे चार तास बंद राहिला, तोही ड्रोन दिसल्याच्या बातमीनेच.

या घटनांचे सार एकच आहे. विमानतळ बंद पाडते ती शंका. आकाशात खरोखर काही आहे की नाही, असल्यास ते काय आहे, कोणाचे आहे आणि गेले की अजून आहे, हे खात्रीने सांगणारे कोणी नसते; आणि खात्री नसताना शेकडो माणसांचे प्राण पणाला लावण्याचा अधिकार नियंत्रण कक्षातल्या कोणत्याही अधिकाऱ्याला नाही. तो धावपट्टी बंद करतो आणि योग्यच करतो. सबब मोकाट ड्रोनच्या बंदोबस्तातील पहिली गरज बंदुकीची नसून ओळखीची आहे.

ओळख पटविणे सोपे नाही. विमाने टिपणाऱ्या रडारला प्लास्टिकचा हातभर ड्रोन आणि घार यांच्यात चटकन भेद करता येत नाही. चालक आणि ड्रोन यांच्यातील रेडिओ संदेश ऐकून त्या दोघांचाही ठावठिकाणा सांगणारी यंत्रे आहेत, परंतु मार्ग आधीच ठरवून सोडलेला ड्रोन कोणाशी बोलतच नाही, मग ऐकायचे काय? पंख्यांच्या आवाजावरून ड्रोन हेरणारी यंत्रे विमानतळाच्या गोंगाटात बधिर होतात. कॅमेरा धुक्यात आणि अंधारात लटका पडतो. म्हणजे या सर्वांची सांगड घालावी लागते आणि त्यांच्यामागे शिकलेला, जागा असलेला माणूस बसवावा लागतो.

ओळख पटल्यावर थांबविणे त्याहून अवघड. चालकाचा संदेश तोडणारा जॅमर हा उपाय सर्वांत आधी सुचविला जातो. परंतु विमानतळ स्वतःच रेडिओ लहरींवर चालतो. ड्रोनचा कान बंद करताना विमानाचाही कान बंद झाला तर उपाय रोगाहून घातक ठरेल. विमानांना उपग्रहांकडून मिळणाऱ्या दिशासंकेतांत खोटे संकेत मिसळले गेल्याचे प्रकार नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या विमानतळाजवळ घडले आणि सरकारने ते संसदेत मान्य केले. तेव्हा लहरींशी खेळणे किती जोखमीचे आहे याची कल्पना यावी. गोळी किंवा रॉकेट झाडावे, तर खाली वस्ती असते. जाळे टाकावे, तर ड्रोन जवळ यावा लागतो. नेदरलँड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये ड्रोन पकडण्यासाठी गरुड पाळून पाहिले आणि पुढच्याच वर्षी तो नाद सोडला.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, या क्षेत्रात रामबाण उपाय विकणारे पुष्कळ आहेत. नागपूरच्या सोलर उद्योगसमूहाने ‘भार्गवास्त्र’ नावाची ड्रोनविरोधी यंत्रणा तयार केली असून १३ मे २०२५ रोजी ओडिशातील गोपाळपूर येथे तिची चाचणी झाली. ड्रोनांच्या थव्यावर सूक्ष्म रॉकेटे सोडून तो पाडणे हे तिचे काम. त्याच मे महिन्यात पाकिस्तानकडून आलेल्या ड्रोनांच्या लाटा आणि उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ बंद ठेवण्याची आलेली पाळी पाहता, सीमेवर अशा अस्त्राची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु सीमेवरचे अस्त्र शहराच्या डोक्यावर चालविता येत नाही. सोनेगावच्या भोवती वस्ती आहे, शाळा आहेत, मेट्रो आहे. आणि नागपूरच्या या उद्योगाचे कौतुक करताना १७ डिसेंबर २०२३ ची सकाळही विसरता येत नाही. त्या दिवशी याच समूहाच्या बाजारगावच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार ठार झाले. त्यांतील सहा स्त्रिया होत्या. देशाच्या संरक्षणाची भाषा बोलणाऱ्यांनी त्या संरक्षणाचे साहित्य घडविणाऱ्या हातांच्या संरक्षणाचाही हिशेब दिला पाहिजे.

ड्रोन उडविणारा कोण आहे, याचा विवेक न करता कायदा केला की काय होते, याचा अनुभव या देशाने घेतलेला आहे. मे २०१४ मध्ये मुंबईतल्या एका पिझ्झाच्या दुकानाने लोअर परळहून वरळीपर्यंत ड्रोनने पिझ्झा पोहोचवून दाखविला. त्या थट्टेवजा प्रयोगाने प्रशासन असे दचकले की, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सामान्य नागरिकांच्या ड्रोन उड्डाणांवर सरसकट बंदी घातली. बंदीने ड्रोन थांबले नाहीत; ते बेकायदा झाले, एवढेच. लग्नाच्या वरातींवर ते उडत राहिले, निवडणुकीच्या सभांवरही उडत राहिले. डिसेंबर २०१८ पासून परवान्यांची किचकट पद्धत आली. २०१९ मध्ये मोकाट ड्रोनांना आळा घालण्यासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या वायुसेना तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, लंबक दुसऱ्या टोकाला जाऊन उद्योगाला मोकळीक देणारे नवे ड्रोन नियम आले.

या नियमांनी आकाशाचे तांबडे, पिवळे आणि हिरवे असे पट्टे पाडले. विमानतळाभोवतीच्या नियंत्रित पिवळ्या पट्ट्याची मर्यादा पूर्वी ४५ किलोमीटरपर्यंत होती, ती १२ किलोमीटरवर आणली. विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या टापूत दोनशे फुटांपर्यंत मोकळीक, त्याहून जवळ परवानगीवाचून उड्डाण नाही. सीताबर्डीपासून सोनेगावचा विमानतळ जेमतेम सहा-सात किलोमीटरवर आहे, आणि सीताबर्डीच्या टेकडीवर लष्कराच्या ताब्यातला किल्ला आहे. म्हणजे या भागातल्या लग्नाचे चित्रण ड्रोनने करणारा छायाचित्रकार परवानगी नसेल तर कायद्याने अपराधी आहे. हे त्याला कोणी सांगितले? नकाशा संगणकावर आहे, भाषा इंग्रजी आहे, आणि नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दिवसाकाठी मिळणाऱ्या बिदागीवर पोट भरणाऱ्या तरुणाला हा दंड घरादारासकट बुडवील. ज्याने जाणूनबुजून धावपट्टीवर ड्रोन सोडला त्या धनिकपुत्राला तो चहापाण्याचा खर्च आहे.

म्हणून पहिला विवेक असा की, ड्रोन उडविणारे तीन जातींचे असतात. एक अजाण किंवा बेफिकीर, दुसरा गुन्हेगार आणि तिसरा शत्रू. विमानतळावर दिसणारा ड्रोन बहुधा पहिल्या जातीच्या माणसाचा असतो. अजाणाला शिकवावे लागते, बेफिकिराला दंड करावा लागतो, गुन्हेगाराला तुरुंग आणि शत्रूला सैन्य. चौघांना एकाच लाठीने हाकणारा कायदा शत्रूपर्यंत पोहोचतच नाही. लाठी पडते ती हाताशी सापडणाऱ्या अजाणाच्या पाठीवर. गॅटविकचे जोडपे असेच हाताशी सापडले होते.

दुसरा विवेक नागपूरकरांना संक्रांतीने शिकविलेला आहे. ‘ओ काट’च्या आरोळ्यांनी शहर दुमदुमते त्या दिवसांत नायलॉन मांजाने किती गळे चिरले, किती पक्षी लटकले, हे येथे प्रत्येक घराला ठाऊक आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन प्रशासनाला पुन्हापुन्हा जाब विचारला. तरीही मांजा मिळतच राहिला. कारण उघड आहे. गच्चीवरचे पोर पकडणे सोपे असते. त्याला चक्री विकणारा दुकानदार पकडणे थोडे कठीण. आणि गोदाम भरून माल आणणारा घाऊक व्यापारी व तो तयार करणारा कारखानदार यांच्यापर्यंत पोहोचताना कायद्याचे पाय जड होतात. ड्रोनच्या बाबतीत हीच चूक पुन्हा होऊ घातली आहे.

वास्तविक ड्रोन मांजापेक्षा वेगळा आहे. मांजाला स्वतःची अक्कल नसते, ड्रोनला ती घालता येते. आपण कोठे आहोत हे त्याला उपग्रहांकडून कळते. विमानतळाच्या हद्दीत शिरताच त्याने उडण्यास नकार द्यावा, परवानगीवाचून जमीन सोडू नये, आणि उडत असताना आपला क्रमांक व आपली जागा सतत जाहीर करीत राहावे, असे सर्व काही कारखान्यातच करता येते. गाईच्या गळ्यात घंटा बांधावी तितकी ही गोष्ट साधी आहे. परंतु २०२१ च्या नियमांनी नेमकी हीच कलमे ‘पुढे अधिसूचना काढू’ असे म्हणून भविष्यकाळावर सोपविली. छायाचित्रकाराचा दंड मात्र वर्तमानकाळातला आहे! कारखानदार आपण होऊन हे करतील, या भरवशावर राहणाऱ्यांनी जगातील सर्वांत मोठी ड्रोन उत्पादक असलेल्या चीनच्या डीजेआय कंपनीकडे पाहावे. तिच्या ड्रोनांत विमानतळाजवळ उड्डाण रोखणारे कुलूप अनेक वर्षे होते. जानेवारी २०२५ मध्ये तिने अमेरिकेत ते काढून टाकले आणि त्याच्या जागी केवळ इशारा देणारी सूचना ठेवली. जबाबदारी उडविणाऱ्याची, असे तिचे म्हणणे. भांडवलाच्या दृष्टीने सुरक्षितता ही एक सोय असते. परवडेल तोवर द्यायची, नको झाली की काढून घ्यायची. कायद्याच्या सक्तीवाचून तिला कायमपण येत नाही.

तिसरा विवेक राज्यसंस्थेविषयी करावा लागतो, आणि लोकशाही समाजवाद्यांनी तो टाळून चालणार नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीच्या टेकड्यांसाठी लढाई झाली. ज्याच्या हाती ती उंची त्याच्या हाती शहर, हे दोन्ही पक्ष जाणत होते. ड्रोनने ही उंची टेकडीवाचून मिळते. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर हमीभाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर हरियाणाच्या पोलिसांनी ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. शेतकऱ्यांनी त्याला उत्तर म्हणून पतंग उडविले, दोऱ्यात ड्रोन अडकावा म्हणून! विमानतळावरचा ड्रोन मोकाट आणि शेतकऱ्याच्या डोक्यावरचा ड्रोन शिस्तीतला, असे कोणत्या न्यायाने म्हणायचे? ज्याच्या उड्डाणाची नोंद जनतेला पाहता येत नाही, ज्याच्या कृत्याबद्दल कोणी जाब देत नाही, तो ड्रोन खाकी रंगाचा असला तरी मोकाटच आहे.

बंदीचे हुकूम कोणासाठी निघतात, तेही पाहण्याजोगे आहे. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर पोलिसांनी महाल भागातील राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयाभोवती ड्रोन उडविण्यास व चित्रण करण्यास दोन महिन्यांची मनाई केली. एखाद्या इमारतीला खरोखर धोका असेल तर तिचे रक्षण झालेच पाहिजे, मग ती कोणाचीही असो. परंतु त्याच वर्षी पावसाळ्यात जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीत आंदोलकांच्या गावावर, आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात वस्त्यांवर, रात्री अपरात्री ड्रोन घिरट्या घालीत असल्याच्या तक्रारी झाल्या आणि माणसे काठ्या घेऊन रात्ररात्र जागली. त्या गावांना तितक्याच तत्परतेने उत्तर मिळायला नको होते काय? संरक्षणाचा अधिकार इमारतीची प्रतिष्ठा पाहून वाटला जाऊ लागला, तर ते संरक्षण राहत नाही, तो मान होतो.

एवढे सर्व ऐकून ड्रोन ही वस्तूच नको, असे कोणाला वाटेल. तो निष्कर्ष समाजवाद्यांना शोभणारा नाही. मे १९५२ मध्ये पचमढीला, नागपूर राजधानी असलेल्या त्या काळच्या मध्य प्रदेशात, समाजवादी पक्षाचे अधिवेशन भरले होते. त्याच्या अध्यक्षपदावरून डॉ. राममनोहर लोहिया यांनी लहान यंत्राचा विचार मांडला. प्रचंड भांडवल मागणारे आणि माणसाला दास करणारे अजस्र यंत्र गरीब देशाला पेलणार नाही. सामान्य माणसाच्या हातात राहील, गावात चालेल असे लहान यंत्र हवे, असा त्याचा आशय होता. ड्रोन हे अशा जातीचे यंत्र होऊ शकते. जी उंची पूर्वी सरकारला आणि श्रीमंताला विमानाच्या खर्चाने मिळे, ती आज बचत गटाला मिळू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवरचा पंप आणि नाकातोंडात जाणारे विष यांपासून माणसाला दूर ठेवणारे साधन विदर्भाने नाकारायचे काय? १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची केंद्राची योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात ड्रोनने गावठाणाची मोजणी करून घरमालकीचे दाखले देण्याचा प्रयोग झाला आणि पुढे तशी मोजणी देशभर सुरू झाली. फवारणीच्या मजुरीवर जगणाऱ्याला पर्यायी काम मिळाले पाहिजे, हा आग्रह सोडता येणार नाही. पण त्या आग्रहासाठी त्याला विषात उभे करणे हा समाजवाद नव्हे.

मात्र लोहियांच्या विचारात एक भर आता घालावी लागेल. लहान यंत्राने सामर्थ्याचे विकेंद्रीकरण होते, तसे धोक्याचेही होते. हजारो हातांत गेलेल्या यंत्राला एका केंद्रातून आवर घालता येत नाही. त्याला सामाजिक आवरच लागतो, आणि सामाजिक आवर भीतीने येत नाही. तो माहितीने, सहभागाने आणि न्याय्य कायद्याने येतो.

खर्चाचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. सोनेगावचा विमानतळ ही सार्वजनिक श्रमातून उभी राहिलेली वास्तू आहे. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, १९४९ मध्ये, रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. साधे पत्र लिहिणाऱ्या माणसासाठी हा विमानतळ रात्रभर जागा राहत असे. पुढे मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव येथील जमिनी गेल्या. आणि निविदा, तिची रद्दबातल व न्यायालयीन झगडा यांच्या अखेरीस, सप्टेंबर २०२४ मध्ये, तो चालविण्याचा हक्क जीएमआर या खाजगी समूहाकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. नफा खाजगी होणार असेल तर राखणीचा भार सार्वजनिक तिजोरीवर किंवा तिकिटावरील अधिभाराच्या रूपाने प्रवाशावर टाकण्याचा डाव ओळखला पाहिजे.

यावरून पक्षाने कोणत्या मागण्या धराव्यात, हे स्पष्ट होते. एक, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ड्रोनमध्ये ओळख जाहीर करणारे व विमानतळाच्या हद्दीत उड्डाण रोखणारे साधन सक्तीचे करावे, आणि ते नसल्यास प्रथम कारखानदार, मग आयातदार, मग विक्रेता व सर्वांत शेवटी ग्राहक, या क्रमाने जबाबदारी ठरवावी. दोन, उड्डाणबंदीचे नकाशे मराठीत प्रत्येक पोलीस ठाण्यात, ग्रामपंचायतीत आणि ड्रोन विकणाऱ्या दुकानात लावावेत. परवानगी त्याच दिवशी व नाममात्र शुल्कात मिळावी. तीन, प्रत्येक विमानतळावर धावपट्टी बंद कोणी करायची आणि पुन्हा कोणी उघडायची, नियंत्रण कक्ष, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आणि शहर पोलीस यांत कोणी कोणाला कळवायचे, हे लेखी ठरवून त्याची तालीम व्हावी. प्रत्येक घटनेनंतर काय दिसले आणि काय सापडले याचा अहवाल प्रसिद्ध व्हावा. चार, ड्रोन हेरण्याची व रोखण्याची साधने संरक्षण संशोधन संस्था व भारत इलेक्ट्रॉनिक्स यांच्यासारख्या सार्वजनिक संस्थांकडून घ्यावीत आणि त्यांचा खर्च विमानतळ चालविणाऱ्याने आपल्या उत्पन्नातून करावा. पाच, पोलिसांच्या ड्रोनलाही हाच कायदा लागू करून त्याच्या प्रत्येक उड्डाणाची नोंद न्यायालयाला मागता येईल अशी ठेवावी. जमावावर ड्रोनमधून मारा करण्यास मनाई असावी. सहा, दंड अपराध्याच्या ऐपतीप्रमाणे व हेतूप्रमाणे असावा, आणि संशयावरून चुकीने पकडलेल्याला भरपाई मिळावी. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी ड्रोनविषयक विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला, तेव्हा अशा सूचना गावागावांतून जावयास हव्या होत्या. विधेयकाचा प्रत्येक टप्पा ही पुढची संधी आहे.

सातवी गोष्ट मागणीपेक्षा कामाची आहे. विदर्भातला शेतकरी पिकाला दाणा धरला की रानात जागल करतो. मचाणावर बसून रानडुकरांची चाहूल घेतो, शेजारच्या शेतातल्या जागल्याला हाक देतो. त्याच्याजवळ महागडे यंत्र नसते; पण आपल्या रानात काय नेहमीचे आणि काय अनोळखी, हे तो अंधारातही ओळखतो. विमानतळाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या माणसाइतके तेथले आकाश कोण ओळखते? ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्या गावांतील तरुण-तरुणींना या राखणीचे शिक्षण व नोकरी द्यावी. ड्रोन दिसताच कोठे कळवायचे हे भोवतालच्या प्रत्येक घराला ठाऊक असावे. ज्यांना कुंपणाबाहेर काढले त्यांच्याकडे संशयाने पाहून कुंपणाचे रक्षण होत नसते. कार्यकर्त्यांनी सीताबर्डीतल्या छायाचित्रकारांना भेटावे, बचत गटातल्या ड्रोन चालविणाऱ्या भगिनींना भेटावे, शिवणगावच्या ग्रामस्थांना भेटावे, आणि या तिघांना एका सभेत एकत्र आणावे. कायद्याची खरी दुरुस्ती अशा सभेतून सुरू होते.

जागल्या रात्रभर जागतो, परंतु डुकराच्या भीतीने उभे पीक पेटवून देत नाही. आणि शेजाऱ्याला चोर समजून त्याच्यावर गोफण चालवीत नाही. विमानतळाची जागलही याच शहाणपणाने झाली पाहिजे. आकाश सर्वांचे आहे. त्याची राखण सर्वांनी करावयाची आहे, आणि त्या राखणीचा हिशेबही सर्वांना मिळाला पाहिजे.